पन्नास सेंटच्या आतली लस

[दृश्य: धुळीने पिवळसर झालेलं आकाश, मातीच्या भिंती, तोंडावर कापड धरून चाललेल्या बायका]

आपल्याकडे पाऊस आला की दवाखाने भरतात. आफ्रिकेतल्या या पट्ट्यात उलटं आहे. इथे लोक पावसाची वाट बघतात, कारण पहिला पाऊस पडला की साथ ओसरते.

सहारावरून कोरडा, धुळीचा वारा येतो. त्याला हरमॅटन म्हणतात. घसा-नाक सोलवटून निघतं आणि घशात मुक्कामाला असलेल्या जीवाणूला वाट मिळते, असं तज्ज्ञ मानतात. मग मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज. ताप, आखडलेली मान, उजेड सहन न होणं. निदानासाठी मणक्यातलं पाणी काढावं लागतं, आणि उशीर झाला तर एका दिवसात माणूस हातचा जातो. वाचलेल्यांपैकी कित्येकांना कायमचा बहिरेपणा येतो.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत २६ देशांचा हा पट्टा. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक रुग्ण झाले आणि सुमारे २५ हजार माणसं गेली. या पट्ट्यातल्या बहुतेक साथींमागे एकच होता, 'ए' गटाचा जीवाणू.

लस तेव्हाही होती. पण ती दोन-तीन वर्षंच टिकायची, दोन वर्षांखालच्या बाळांवर फारशी चालायची नाही आणि घशातला जीवाणू तसाच राहायचा. म्हणून साथ आली की टोचायची. घर पेटल्यावर विहीर खणायची, तसं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं, बैठकीचं टेबल]

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतली 'पाथ' ही संस्था एकत्र आल्या. गेट्स फाउंडेशनने ७ कोटी डॉलर दिले. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. मार्क लाफोर्स आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटले. त्यांचं म्हणणं एकच होतं: लस कितीही चांगली असली आणि परवडली नाही, तर तिचा आम्हाला उपयोग काय? आकडाही ठरला. एका डोसला पन्नास सेंटच्या आत.

या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो. लस बनवण्याआधी तिची किंमत ठरली, आणि ती ठरवली घेणाऱ्यांनी. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांशी त्या भावात जमलं नाही. मग काम आलं पुण्यात, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे.

[दृश्य: हडपसर, कारखान्याचं फाटक, आतली काचेची पात्रं]

या जीवाणूच्या अंगावर साखरेसारख्या रेणूंचं आवरण असतं. तान्ह्या बाळाचं शरीर ते ओळखत नाही. अशा वेळी ते आवरण एखाद्या ओळखीच्या प्रथिनाला जोडायचं. अनोळखी पाहुण्याला घरच्या माणसाबरोबर पाठवतात, तसंच. इथे घरचं माणूस म्हणजे धनुर्वाताच्या लसीतलं प्रथिन, आणि त्यात सीरमचा हात आधीच बसलेला.

जोडण्याची पद्धत आली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या प्रयोगशाळेतून. साखरेचं आवरण सुरुवातीला ॲमस्टरडॅमहून यायचं. लस जोडली जायची पुण्यात. चाचण्या झाल्या भारतात, माली, गांबिया, सेनेगलमध्ये.

६ डिसेंबर २०१०. बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली. एक ते २९ वर्षं वयाच्या एक कोटीहून जास्त लोकांना काही दिवसांत लस टोचली. भाव पडला सुमारे ४० सेंट, त्या वेळचे अठरा-एक रुपये.

[दृश्य: दुचाकीवर बांधलेली लसीची पेटी, लाल मातीचा रस्ता]

अडचण राहिली बर्फाची. लस म्हटलं की शीतसाखळी आली, आणि वीज नसलेल्या गावात बर्फ आणायचा कुठून? ही लस ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस टिकते, असं तपासून सिद्ध झालं. २०१२ मध्ये बेनिनमध्ये आरोग्यसेवक ती बर्फाशिवाय घेऊन निघाले. बर्फाचं ओझं उतरलं आणि लांबची गावं आवाक्यात आली.

पुढच्या वर्षांत ३० कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली. २०१७ नंतर या पट्ट्यात 'ए' गटाचा एकही रुग्ण निश्चित झालेला नाही.

[दृश्य: २०२१, रिकामं लसीकरण केंद्र]

इथेच थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. २०२१ च्या वसंतात भारतात करोनाची दुसरी लाट आली, लसीची निर्यात थांबली, आणि आफ्रिकेला मिळायचे डोस अडकले. गरीब देशांना करोनाची लस पुरवणाऱ्या, सीरमवर मदार ठेवलेल्या 'कोव्हॅक्स' योजनेची घडीच विस्कटली. 'कोव्हॅक्स'साठीची निर्यात पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. आपल्या स्मशानांत जागा नव्हती, त्यामुळे निर्णय समजण्यासारखा होता. पण आफ्रिकेतल्या परिचारिकेला लस कधी मिळणार, हे तिच्या देशाच्या हातात नव्हतं, हेही खरंच. मेनिंजायटिसच्या वेळी नऊ वर्षं मिळाली होती. करोनात सगळ्यांना एकाच वेळी, एकाच कारखान्यातून हवं होतं.

[दृश्य: नायजेरिया, झाडाखालची रांग]

'ए' गेला, तरी 'सी', 'डब्ल्यू' आणि 'एक्स' राहिले. २०१७ मध्ये नायजेरियात 'सी' गटाची मोठी साथ आली होती. पाच गटांवरची नवी लस 'पाथ' आणि सीरमने तेरा वर्षं खपून बनवली, पैसा ब्रिटिश सरकारचा. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. मार्च २०२४ मध्ये नायजेरियाने ती जगात सगळ्यात आधी वापरायला घेतली.

उत्तरेकडे रांगा लागल्या तेव्हा हवेत धूळ होती. पावसाला अजून वेळ होता.