सोडत, बूट आणि वेरोना

[दृश्य: वेरोना शहर, आदिजे नदीचं वळण, रोमन आरेना, ज्युलिएटच्या नावाने दाखवल्या जाणाऱ्या सज्जाखाली जमलेले पर्यटक]

निवेदन:

१९८४च्या उन्हाळ्यात इटालियन फुटबॉलने एक विचित्र निर्णय घेतला. कोणत्या सामन्याला कोणता रेफरी जाणार, हे यापुढे कुणी ठरवायचं नाही. सोडत काढायची. ज्याचं नाव निघेल, तो जाईल.

हा निर्णय उगाच झाला नव्हता. १९८०मध्ये सट्टेबाजीचं प्रकरण फुटलं, खेळाडूंना थेट मैदानांवरून अटक झाली आणि मिलान, लात्सिओ हे दोन मोठे संघ खालच्या विभागात ढकलले गेले. १९८१मध्ये युव्हेंटसविरुद्ध रोमाच्या तुरोनेने केलेला गोल ऑफसाइड ठरला. त्या गोलवर रोममध्ये आजही भांडणं होतात. १९८२च्या शेवटच्या दिवशी फिओरेंतिनाचा गोल रद्द झाला, तिकडे युव्हेंटसला पेनल्टी मिळाली आणि एका गुणाच्या फरकाने अजिंक्यपद युव्हेंटसच्या तुरीनला गेलं. रेफरीची नेमणूक कोण करतो, कुणाच्या सांगण्यावरून करतो, हा प्रश्न कॉफीच्या प्रत्येक टेबलावर होता. मग सोडत आली.

त्याच हंगामात हेलास वेरोना अजिंक्य ठरला. त्याआधी कधी नाही, त्यानंतरही कधी नाही.

दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या की त्यांचं लग्न लावून द्यायला लोकांना वेळ लागत नाही. सोडत होती म्हणून वेरोना जिंकला, हे वाक्य इटलीत चाळीस वर्षं फिरतंय. ऐकायला झकास आहे. पण तो हंगाम सामन्यागणिक पाहत गेलं की हे वाक्य लंगडं पडतं.

[दृश्य: १९८४चं वार्तांकन, विमानतळांवर कॅमेऱ्यांची गर्दी]

निवेदन:

त्या वर्षीची सेरी आ, म्हणजे इटलीची अव्वल साखळी, काय होती, हे आज कल्पनेत आणणंही अवघड आहे. सोळा संघ. प्रत्येक संघात जास्तीत जास्त दोन परदेशी खेळाडू. आणि ते कोण? युव्हेंटसकडे प्लातिनी आणि बोनिएक. उदिनेसेकडे झिको. रोमाकडे फाल्काव आणि सेरेझो. फिओरेंतिनाकडे सॉक्रेटिस आणि पासारेला. इंटरकडे रुमेनिगे आणि ब्रॅडी. साम्पदोरियाकडे सूनेस. तोरिनोकडे ज्युनिअर. आणि नुकताच बार्सिलोनाहून, जगातली तोवरची सर्वांत मोठी किंमत मोजून नापोलीने आणलेला दिएगो मॅराडोना.

या यादीपुढे वेरोनाची खरेदी काय? बेल्जियमच्या लोकरेन संघाकडून एक डॅनिश फॉरवर्ड, प्रेबेन एल्केअर. त्याच उन्हाळ्यात युरो स्पर्धेच्या उपांत्य फेरीत स्पेनविरुद्ध निर्णायक पेनल्टी त्याने बारवरून उडवली होती. सिगारेटही भरपूर ओढायचा. दुसरा, जर्मनीच्या कायझर्सलाउटर्नचा हान्स-पीटर ब्रीगेल. मूळचा अ‍ॅथलीट, शरीराने अवाढव्य. मोजे घोट्यापर्यंत खाली सोडून खेळायचा.

बाकीचा संघ दुसऱ्यांनी नको म्हटलेल्यांचा. उजव्या बगलेवरचा पिएत्रो फान्ना युव्हेंटसमध्ये अजिंक्यपदं जिंकूनही तिथे कधी रुजला नाही. फॉरवर्ड जुझेप्पे गाल्देरीसी, बुटका आणि चपळ, तोही युव्हेंटसनेच सोडलेला. मधल्या फळीत चाली रचणारा अंतोनिओ दि जेन्नारो फिओरेंतिनाकडून आलेला. गोलकीपर क्लाउदिओ गारेला लात्सिओत असताना एवढ्या चुका करायचा की त्याच्या नावावरून तशा चुकांना एक खास शब्दच पडला होता. वेरोनात हाच गारेला अभेद्य झाला. शैली मात्र तशीच राहिली. हातांपेक्षा पायांनीच जास्त अडवायचा, कबड्डीत रेषेकडे पाय ताणणाऱ्या चढाईवाल्यासारखा.

[दृश्य: मैदानाच्या कडेला उभे ओस्वाल्दो बान्योली, डोक्यावर टोपी]

निवेदन:

ही मोट बांधली ओस्वाल्दो बान्योलींनी. मिलानच्या बोविझा या कामगार वस्तीत १९३५ साली जन्मलेला माणूस. मितभाषी. पत्रकारांना मथळा मिळेल असं काहीही न बोलण्यात त्यांचा हातखंडा. त्या काळात खेळाचे सिद्धांत मांडणाऱ्या प्रशिक्षकांची चलती सुरू झाली होती, बान्योलींचा सिद्धांत एका ओळीत संपायचा: बॅकने बॅकचं काम करावं, हाफने हाफचं.

हे साधेपण थोडं फसवं आहे. ब्रीगेल जर्मनीत मुख्यतः बचावपटू होता, बान्योलींनी त्याला मधल्या फळीत आणलं. हंगामात ९ गोल! मागे रोबेर्तो त्रिचेल्ला लिबेरो, म्हणजे बचावफळीच्याही मागचा मोकळा बचावपटू, म्हणून सगळ्यांच्या पाठीशी उभा, पण चेंडू मिळाला की वर जायची मोकळीक त्याला होती. चेंडू हिसकावला की तीन-चार पासांत तो समोरच्या गोलजवळ. फान्ना पळतोय, एल्केअर पळतोय, आणि गाल्देरीसी योग्य जागी हजर आहे. संघात दोमेनिको वोल्पाती नावाचा तेहतिशीचा एक खेळाडू होता, वैद्यकीय शिक्षण घेतलेला. पुढे तो दातांचा डॉक्टर झाला.

हा संघ आकाशातून पडला नव्हता, हेही लक्षात घ्या. १९८२मध्ये खालच्या विभागातून वर आल्या आल्या वेरोनाने चौथा क्रमांक पटकावला होता. १९८३ आणि १९८४, दोन्ही वर्षी कोप्पा इतालिया या इटालियन चषकाचा अंतिम सामना खेळून हरला होता. म्हणजे तयारी सुरू होती, पण कुणी तिकडे पाहत नव्हतं.

[दृश्य: १६ सप्टेंबर १९८४, बेंतेगोदी स्टेडियम]

निवेदन:

पहिलाच सामना नापोलीशी. मॅराडोनाचा सेरी आमधला पहिला दिवस. कॅमेरे त्याच्यावर. आणि त्याच्या मागे सावलीसारखा ब्रीगेल. मॅराडोना जिथे जाईल तिथे हा डोंगर उभा. एवढं करून पहिला गोलही ब्रीगेलनेच केला, मग गाल्देरीसी, मग दि जेन्नारो. वेरोना ३, नापोली १.

याच दिवसाची दुसरी बाजूही सांगायला हवी. वेरोनाच्या प्रेक्षकांतल्या एका गटाने दक्षिणेकडून आलेल्या पाहुण्यांसाठी फलक लावला होता: इटलीत तुमचं स्वागत आहे. म्हणजे नापोली इटलीत येतच नाही! दक्षिणेविषयीचा हा तिरस्कार बेंतेगोदीच्या स्टँडमध्ये पुढेही अनेक वर्षं ऐकू येत राहिला. या संघावर जीव लावताना तो विसरता येत नाही, आणि विसरू नये.

[दृश्य: १४ ऑक्टोबर १९८४, वेरोना विरुद्ध युव्हेंटस]

निवेदन:

आता तो गोल. वेरोनात ज्यांचा जन्म नंतर झाला, तेही तो डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगतात.

गाल्देरीसीने आपल्या जुन्या संघाविरुद्ध पहिला गोल केलेला. सामना संपत आलाय. एल्केअर डावीकडून चेंडू घेऊन सुटतो. युव्हेंटसचा तरुण बचावपटू आडवा होऊन टॅकल करतो. एल्केअर सावरतो, पण उजव्या पायातला बूट निघून मागे पडलाय. तो थांबत नाही. पेनल्टी क्षेत्रात शिरतो, आणखी एकाला चकवतो आणि नुसत्या मोज्यातल्या त्याच उजव्या पायाने चेंडू जाळ्यात मारतो.

टॅकल करणारा तो पोरगा अजून १९चाही झाला नव्हता. नाव, स्तेफानो पियोली. हो, तोच, ज्याने २०२२मध्ये प्रशिक्षक म्हणून मिलानला अजिंक्यपद मिळवून दिलं.

२-०. युव्हेंटस गतविजेता होता. त्या दिवसानंतर वेरोनाकडे कुतूहल म्हणून पाहणं बंद झालं.

[दृश्य: जानेवारी १९८५, बर्फाने झाकलेली उत्तर इटली]

निवेदन:

जानेवारीत उत्तर इटलीवर असा बर्फ पडला की मिलानमध्ये आजही त्याला शतकातला हिमवर्षाव म्हणतात. त्याच महिन्यात वेरोनाचा पहिला पराभव झाला, आवेलिनोत, १-२. सगळ्यांना वाटलं, झालं, फुगा फुटला. छोट्या संघांचं असंच असतं, नाताळपर्यंत वर, वसंतात खाली.

मग १० फेब्रुवारी. उदिनेसेच्या मैदानावर वेरोना विसेक मिनिटांतच ३-० पुढे. आणि मग उदिनेसेने तिन्ही गोल फेडले. ३-३. पाहुणा संघ अशा वेळी गुडघ्यावर येतो, बरोबरीवर समाधान मानून चेंडू लांब फेकत बसतो. वेरोनाने आणखी दोन गोल केले. ५-३.

मला विचाराल तर अजिंक्यपद इथे जिंकलं गेलं. बुटाचा गोल पोस्टरवर शोभतो, पण तीन गोलांची आघाडी हातून गेल्यावर पुन्हा वर चढणं, हे त्या संघाचं खरं ओळखपत्र होतं. पुढे इंटरशी १-१, तुरीनमध्ये युव्हेंटसशी १-१. वसंतात तोरिनोने वेरोनाला घरच्या मैदानावर २-१ हरवलं. तो दुसरा पराभव, आणि शेवटचा.

आता त्या सोडतीकडे येऊ. तीस सामने, १५ विजय, १३ बरोबरी, २ पराभव. तेव्हा विजयाला दोन गुण मिळत. एकूण ४३ गुण. दुसऱ्या क्रमांकावरच्या तोरिनोचे ३९. संपूर्ण हंगामात फक्त १९ गोल खाल्ले. पहिल्या आठवड्यापासून शेवटच्यापर्यंत वेरोना कधीही अव्वल स्थानावरून खाली आला नाही. सोडतीने काही केलं असेल तर एवढंच, की मोठ्यांकडे झुकणारा हात, तो होता असं धरलं तरी, वर्षभर खिशात राहिला. चेंडू जाळ्यात कुणी ढकलून दिला नाही. आणि मोठ्यांचं गणित बिघडलेलंही होतं. युव्हेंटसचं सगळं लक्ष युरोपियन चषकावर, रोमाचा ताल गेलेला, मॅराडोनाची नापोली अजून घडत होती. हेही खरंच आहे, पण कुठल्या वर्षी सगळेच प्रतिस्पर्धी तंदुरुस्त असतात?

[दृश्य: १२ मे १९८५, बेर्गामो]

निवेदन:

दोन सामने बाकी असताना एक गुण पुरे होता. बेर्गामो वेरोनापासून शंभरेक किलोमीटर. पिवळ्या-निळ्या झेंड्यांच्या गाड्यांची रांग लागली. यजमान आतालांताच्या पेरिकोने आधी गोल केला. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात एल्केअरने बरोबरी साधली. १-१. संपलं. पुढच्या रविवारी घरी आवेलिनोवर ४-२ असा विजय मिळवून जानेवारीतल्या पराभवाची परतफेडही झाली.

गाल्देरीसीचे ११ गोल संघात सर्वाधिक. साखळीत सर्वाधिक प्लातिनीचे, १८. वर्षअखेर युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात पहिला प्लातिनी, दुसरा एल्केअर.

इटलीत सगळे संघ एकाच गटात खेळू लागले १९२९पासून. तेव्हापासून आजवर अजिंक्यपद जिथे गेलं ती शहरं पाहा: तुरीन, मिलान, रोम, नापोली, जेनोवा, बोलोन्या, फ्लॉरेन्स, काल्यारी. सगळ्या आपापल्या प्रांतांच्या राजधान्या. एकच अपवाद. व्हेनेतोची राजधानी व्हेनिस, वेरोना तेव्हाचं अडीच लाखांच्या आसपास वस्तीचं शहर.

[दृश्य: तुरीन, रिकामं स्टेडियम]

निवेदन:

सोडत एका हंगामातच गुंडाळली गेली. रेफरींची नेमणूक पुन्हा माणसांच्या हाती.

वेरोना युरोपियन चषकात उतरला, पहिल्या फेरीत ग्रीसच्या पाओकला हरवलं, आणि दुसऱ्या फेरीत समोर युव्हेंटस. वेरोनात ०-०. परतीचा सामना नोव्हेंबर १९८५मध्ये तुरीनला, प्रेक्षकांविना. मे महिन्यात ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये युव्हेंटसच्या अंतिम सामन्याच्या वेळी ३९ माणसं मेली होती, त्याची ही शिक्षा. युव्हेंटसला एक पेनल्टी मिळाली, वेरोनाला मागूनही मिळाली नाही. २-०. फ्रेंच रेफरीवर वेरोनाचे खेळाडू इतके चिडले की ड्रेसिंग रूममधली काच फुटली. पोलीस आले. मितभाषी बान्योलींनी त्यांना सांगितलं ते सगळ्या इटलीत गाजलं: चोर शोधत असाल तर ते त्या बाजूच्या खोलीत आहेत.

साखळीत त्या वर्षी वेरोना दहावा. फान्ना आधीच इंटरला गेला होता, गारेला नापोलीला, आणि तिथे १९८७मध्ये मॅराडोनाच्याच साथीने तो पुन्हा अजिंक्य झाला. ब्रीगेल साम्पदोरियाला, गाल्देरीसी मिलानला, त्रिचेल्ला युव्हेंटसला. एल्केअर १९८८पर्यंत थांबला.

बान्योली थेट १९९०पर्यंत राहिले. त्या वर्षी संघ खालच्या विभागात घसरला. पण घसरण्याच्या आठवडाभर आधी, २२ एप्रिलला, बेंतेगोदीवर त्याने मिलानला २-१ हरवलं, मिलानच्या तीन खेळाडूंना रेफरीने बाहेर काढलं आणि अजिंक्यपद मॅराडोनाच्या नापोलीकडे सरकलं. त्या रेफरीवर मिलानवाले अजून चिडून आहेत. पुढच्या वर्षी वेरोना क्लबचं दिवाळं निघालं.

बान्योली जेनोवाला गेले. जेनोआ क्लबला त्यांनी पहिल्याच हंगामात चौथा क्रमांक मिळवून दिला. १९९२मध्ये याच संघाने लिव्हरपूलला त्यांच्या अ‍ॅनफिल्डवर हरवलं, तिथे जिंकणारा तो पहिला इटालियन संघ. मग इंटरने त्यांना बोलावलं, आणि फेब्रुवारी १९९४मध्ये काढून टाकलं. वय ५८. त्यानंतर त्यांनी एकाही संघाचं प्रशिक्षकपद घेतलं नाही.