आधी डावा हात

(बेळगावजवळचं येळ्ळूर, पहाट. तालमीच्या हौद्यात खोरं चालतंय.)

राजहंसगड अजून अंधारात आहे. तालमीत मात्र दिवा लागलाय. तेल, ताक, हळद प्यायलेली ही लाल माती उकरून झाली, की पोरं भिंतीकडच्या गदेकडं वळतात.

(गदा. मनगट जवळून.)

उजव्या हातानं गदा खांद्यावर येते, पाठीमागं सुटते, घुमून परत पुढं येते. पंचवीस फेऱ्या, श्वास न चुकता. मग वस्ताद एकच शब्द बोलतात, "डावा."

आता मनगट बघा. मूठ सैल पडतेय. कोपर बाहेर पळतंय. अकराव्या फेरीला कंबर कलंडली आणि गदा खाली टेकली. हाच गडी सकाळपासून शंभर जोर मारून बसलाय, तेव्हा हे कुणाला दिसलं नाही. दोन्ही हात एकत्र लागले, की दमदार बाजू दुबळ्या बाजूचा भार गुपचूप आपल्याकडं ओढून घेते. एका हाताच्या व्यायामात तशी सोय नाही.

(नळावरून एका हातात भरली बादली घेऊन येणाऱ्या मावशी.)

बादली उजव्या हातात आहे, राबतेय मात्र डावी कूस. धड वजनाकडं झुकू नये म्हणून तिथले स्नायू ताणून धरतात. पायाचंही तसंच. चालताना, पायरी चढताना शरीर दर पावलाला एकाच पायावर असतं. तेव्हा कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू कंबर तोलतो. म्हणून एका पायावरची बैठकही हवी.

१८९४ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड स्क्रिप्चर यांच्या प्रयोगशाळेत एकाच हाताला सराव दिला, तर दुसऱ्या, रिकाम्या हाताचंही बळ वाढलेलं दिसलं. त्या हाताचे स्नायू वाढले म्हणून नव्हे, मेंदू आणि मज्जातंतू शिकतात म्हणून. एक हात प्लास्टरमध्ये असतानाही, डॉक्टरांना विचारून, दुसऱ्याचा सराव चालू ठेवणं फायद्याचं ठरतं ते यामुळंच.

हे सांगायचं कारण, दुखापतीनं मैदान सुटलेले गडी सीमाभागात गावोगाव भेटतात.

(पुन्हा तालीम. उजाडलंय.)

जोर-बैठका राहणारच. पण तालमीच्या भिंतीला गदा आहे, दाराला दगडी पायरी आहे. महागडी यंत्रं घेण्याआधी त्यांचा पुरता वापर व्हावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

वस्तादांनी आजपासून क्रम फिरवलाय. आधी डावा. डाव्यानं जेवढ्या फेऱ्या होतील, तेवढ्याच उजव्यानं.

(पोरगा गदेला डावा हात घालतो.)