सत्तेचाळीस नंबर कुणाचा?

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. खाली लेथची घरघर, वर माळ्यावर ऑफिस. राउटरला काय काय जोडलंय, त्याची यादी स्क्रीनवर आहे. संगणक, प्रिंटर, हजेरीचं मशीन, सगळं ओळखीचं. मध्येच एक ओळ बिननावाची: १९२.१६८.१.४७.

"काका, ह्ये कुणाचं हाय?"
"कुणास ठाऊक. ब्लॉक करून टाक की!"

नेटवर्कवाला पोरगा ब्लॉक करत नाही. आधी बंद करायचं आणि मग कोण बोंबलतंय ते बघायचं, ही रीत पुष्कळ ठिकाणी चालते. पण बिलं निघायच्या वेळी ती महागात पडते.

हा आकडा म्हणजे आयपी पत्ता, राउटरने वाटलेला, उद्या बदलू शकतो. म्हणून तो मॅक पत्ता बघतो, म्हणजे यंत्राला सहसा कारखान्यातच मिळालेला क्रमांक. बारा अंक-अक्षरं, त्यातली पहिली सहा आयईईई ही संस्था उत्पादकाला नेमून देते. दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई असतं, तर पत्ता बहुधा एखाद्या फोनने स्वतःच बनवलेला असता. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन असं सर्रास करतात. इथं तसं नाही. उत्पादक निघतो एस्प्रेसिफ, शांघायची कंपनी. पण ती चिप बनवते, आणि तिची चिप स्मार्ट प्लगमध्ये असते, दिव्यात असते, पंपाच्या कंट्रोलरमध्येही असते. गाव कळलं, घर नाही.

वायर धरून जावं, तर स्विचच्या (सगळ्या वायरी जिथं येऊन जुळतात त्या डब्याच्या) नोंदीत हा पत्ता दिसतो वायफायच्या पोर्टवर. म्हणजे धरायला वायरच नाही.

मग तो पिंग चालू ठेवून देतो, म्हणजे त्या पत्त्याला सारखं 'आहेस का?' विचारत राहायचं. खरी मेख इथं सापडते. रविवारी ऑफिसला कुलूप, तरी उत्तर येतंय. म्हणजे कामगाराचा फोन नव्हे. दिवस मावळला की उत्तर बंद, सकाळी उजाडलं की पुन्हा सुरू. रोज. उन्हाबरोबर जागं होणारं ऑफिसात काय आहे?

"आरं, गच्चीवरचं सोलर!"

इन्व्हर्टरच्या खालच्या बाजूला बोटभर लांबीची वायफाय स्टिक. पॅनेलवर ऊन नसलं की बहुतेक इन्व्हर्टर झोपतात, त्यांच्याबरोबर स्टिकही. स्टिकरवरचा मॅक पत्ता पोरगा मोबाईलवर काढलेल्या यादीच्या फोटोशी अक्षर-अक्षर ताडून बघतो. जुळतो.

आता यादीत नाव पडलंय: 'गच्ची सोलर'. स्टिकचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलून तिला गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे ऑफिसच्या यंत्रांपासून वेगळ्या ठेवलेल्या वायफायवर, हलवायचं ठरलंय. बिलांच्या संगणकाशी तिचं काही काम नाही.