बडोदा, मे 2007: परीक्षेच्या भिंतीवरून पोलीस ठाण्यात

[दृश्य: महाराजा सयाजीराव विद्यापीठ, फाइन आर्ट्स फॅकल्टीचं फाटक]

इथे परीक्षा भिंतीवर होते. मे महिना लागला की पोरं आपापला कोपरा झाडतात, पार्टिशनला पांढरा हात मारतात, खिळे ठोकतात, वर्षभराचं काम टांगतात. मग परीक्षक येतात, चित्रापुढे थांबतात, प्रश्न विचारतात. विद्यार्थी घाम पुसत उत्तरं देतो.

9 मे 2007 ला मात्र या भिंतींपुढे वेगळीच माणसं उभी होती. हिंदुत्ववादी संघटनांचे कार्यकर्ते होते, मागे कॅमेरे होते आणि पोलीस होते. पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थ्याच्या कामात देवी आणि येशू ख्रिस्त ज्या रूपात आले होते, त्याने धार्मिक भावना दुखावल्या, अशी तक्रार झाली. ख्रिस्ती मंडळींनीही आक्षेप घेतला. विद्यार्थ्याला फॅकल्टीतूनच उचललं. जामीन मिळेपर्यंत काही दिवस तो कोठडीत होता.

सोबत्यांनी निषेध कसा करावा? त्यांनी फॅकल्टीच्या संग्रहातून भारतीय शिल्पांची आणि चित्रांची छायाचित्रं काढली आणि प्रदर्शन मांडलं. शृंगाराचं आपल्या परंपरेला वावडं कधीच नव्हतं, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. प्रदर्शन बंद करा, असा विद्यापीठाचा हुकूम आला. प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला आणि ते निलंबित झाले.

[दृश्य: दांडिया बाजार, सकाळची वर्दळ]

आता दांडिया बाजारातल्या एखाद्या आजींचा विचार करू. रोज देवीपुढे निरांजन लावणाऱ्या, नवरात्रात घट बसवणाऱ्या. ते चित्र पाहून त्यांना वाईट वाटलं असतं, आणि ते वाटणं खोटं नसतं. कलेतलं कळत नाही म्हणून त्यांना हिणवणं हाही उद्धटपणाच. पण चित्र त्यांच्यापर्यंत पोचलं कसं? ते होतं परीक्षेच्या भिंतीवर, परीक्षकांसाठी. गावभर आणि देशभर ते नेलं तक्रारीने. भावना दुखावल्या म्हणणाऱ्यांनीच ते घरोघरच्या टीव्हीवर पोचवलं.

आणि ज्या फॅकल्टीवर देवीच्या अपमानाचा ठपका आला, तिचाच गरबा बडोद्यात नावाजलेला आहे. नवरात्रात याच आवारात देवीच्या नावाने फेर धरला जातो.

[दृश्य: कायद्याच्या जुन्या पुस्तकाची पानं]

आपल्या कायद्यात देवाची निंदा हा गुन्हा आहे का? थेट नाही. देव इथे फिर्यादी नसतो. गुन्हा आहे तो एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना जाणूनबुजून, दुष्ट हेतूने दुखावण्याचा. दंडविधानातलं 295-अ हे कलम 1927 सालचं. लाहोरच्या राजपाल नावाच्या प्रकाशकाने पैगंबरांवर एक पुस्तिका काढली होती. लाहोर उच्च न्यायालयाने त्याला सोडलं, कारण तेव्हाच्या कायद्यात तो गुन्हा बसत नव्हता. त्यावरून रान पेटलं आणि सरकारने नवं कलम घातलं. पण कलम आलं म्हणून राजपाल वाचला नाही. एप्रिल 1929 मध्ये इल्मुद्दीन नावाच्या तरुणाने त्याला भोसकून मारलं. त्याच वर्षी इल्मुद्दीनही फासावर गेला.

1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं, पण सोबत मर्यादाही आखली. अजाणता किंवा निष्काळजीपणाने झालेला, दुष्ट हेतू नसलेला अपमान यात बसत नाही. कागदावर ही मर्यादा चांगलीच घट्ट आहे. अडचण अशी की हेतू तपासला जातो खटल्यात, आणि बेड्या पडतात पहिल्याच दिवशी.

[दृश्य: मांडवी, विठ्ठल मंदिर]

मांडवीच्या या विठ्ठल मंदिराला गायकवाडांच्या काळापासूनची परंपरा आहे. देवउठी म्हणजे कार्तिकी एकादशीला विठ्ठलाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघते ती इथूनच. आता आपली जनाबाई आठवा. अंगणात उभी राहून ती या विठ्ठलाला चक्क ‘विठ्या’ म्हणते, शिव्या घालते, त्याचं मढं गेलं म्हणते. वारकरी ते डोळे मिटून गातात. नाव झाकून हाच मजकूर आज कुणी मोबाइलवर टाकला, तर दुपारपर्यंत ठाण्यात अर्ज पडेल, असं मला खात्रीने वाटतं.

पाकिस्तानात हेच कलम वाढत वाढत 1986 मध्ये थेट फाशीपर्यंत गेलं. आसिया बीबी या शेतमजूर ख्रिस्ती बाईला 2010 मध्ये फाशी सुनावली गेली. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना 2011 मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. 2018 मध्ये ती निर्दोष सुटली. तोवर आठ वर्षं ती मृत्यूच्या छायेत तुरुंगात होती. आपला कायदा तिथवर गेलेला नाही, आणि हा फरक लहान नाही.

[दृश्य: कमाटीबाग]

बडोद्याला याआधीचाही एक प्रसंग माहीत आहे. 1917 साली डॉ. आंबेडकर सयाजीरावांच्या नोकरीत रुजू व्हायला आले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली दहा-बारा माणसं जिना चढून खोलीसमोर उभी राहिली. तुम्ही धर्मशाळा बाटवली, चालते व्हा. तिथेही पावित्र्य दुखावलं होतं आणि चीड खरीच होती. एका हिंदू स्नेह्याने जागा दिली नाही, ख्रिस्ती स्नेह्यानेही टाळलं. परदेशात शिकून आलेला हा माणूस रात्रीची गाडी येईपर्यंत या बागेत बसून राहिला. धर्मशाळेचं काय बिघडलं होतं?

[दृश्य: विद्यापीठाचं मुख्य कार्यालय]

2007 च्या त्या विद्यार्थ्याचा निकाल विद्यापीठाने अडकवला तो अडकवलाच. अकरा वर्षं तो पदवीसाठी खेटे घालत राहिला. फेब्रुवारी 2018 मध्ये तो पुन्हा इथे आला आणि कुलगुरूंच्या कार्यालयाला आग लावल्याच्या आरोपाखाली पकडला गेला. आग लावण्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण एका परीक्षेचा निकाल अकरा वर्षं दाबून ठेवण्याचं समर्थन कुणी करणार आहे का?

295-अ आता नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत त्याच मजकुराचं कलम 299 आहे. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत कैद. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते, ती तरतूदही कायम आहे. मात्र ही मंजुरी लागते खटल्याला, अटकेला नाही. म्हणजे पोलीस आज उचलतील आणि सरकार विचार करील सवडीने. अख्खं कलम काढा म्हणणारे आहेत, ठेवा म्हणणारेही आहेत. माझी मागणी त्याहून छोटी आहे: मंजुरीआधी अटक नको.