आतल्या खोलीतला फुटबॉल

(लेले मैदान, टिळकवाडी. सकाळ. झिमझिम पाऊस.)

बेळगावचा पाऊस. उघडीप नाही. तांबड्या चिखलात बॉल जागच्या जागी रुततो, बूट उचलायला जोर लागतो, तरी पोरं हजर. "मागं बघ की गा!" एक ओरडतो. त्याला उत्तर येतं कन्नडमधून. गोलकीपर बचावफळीला उर्दूत हाका मारतोय, आणि कॉर्नरच्या झेंड्याजवळ दोघांचं कोकणीतून जुंपलंय. पास मात्र ज्याला द्यायचा त्यालाच पोचतो.

रेल्वे गेटकडून येणारी माणसं छत्री सावरत थांबतात, थोडं बघतात, पुढे जातात. मैदानावरचा खेळ असा कुणालाही दिसतो. क्लब दिसत नाही. आज बाहेर कोण बसला आणि का, बुटांचे पैसे कुणी भरले, पोरगा घरी काय सांगून आला, हरल्यावर कोण कुणाशी बोललं नाही, हे सगळं दाराआड राहतं. ही फिल्म त्या दाराआडची आहे, आणि तिथं बसून लिहिलेल्या पुस्तकांची.

(कॅम्प. क्लबाची खोली. लोखंडी कपाट उघडतं.)

कॅम्पातल्या एका जुन्या क्लबाची ही खोली. क्लबाचं नाव घ्यायचं नाही या अटीवर दार उघडलं. वरच्या कप्प्यात ढाली, कप, काळवंडलेली पदकं. मधल्या कप्प्यात पुस्तकं. सगळी इंग्रजी, बहुतेक पुण्या-मुंबईच्या फुटपाथवरून आलेली. कुणाचा पुठ्ठा सुटलाय, कुणाच्या पहिल्या पानावर परक्या लायब्ररीचा शिक्का. एका निवृत्त शिक्षकांनी ती एकेक करून जमवली आणि क्लबाला देऊन टाकली. पोरं त्यांना सर म्हणतात. आपणही सरच म्हणू.

सरांचा हात आधी जातो तो 'द ग्लोरी गेम'वर. साल १९७२. क्लब, लंडनचा टॉटनहॅम हॉट्स्पर. लेखक हंटर डेव्हिस, पेशानं पत्रकार. त्याआधी बीटल्सचं चरित्र लिहून नाव कमावलेला. १९७१-७२ चा अख्खा हंगाम हा माणूस क्लबाबरोबर राहिला. सरावाला गेला, खेळाडूंबरोबर प्रवास केला, त्यांच्या घरी जाऊन बसला. आणि बाहेरच्याला जिथं पाय ठेवू देत नाहीत त्या ड्रेसिंग रूममध्येही बसला. बिल निकल्सन हे मॅनेजर, त्यांचे स्टार खेळाडू, राखीव संघातले, नुकती मिसरूड फुटलेली पोरं, खेळाडू हेरत गावोगाव फिरणारे, संचालक, स्टँडमधले दंगेखोर पाठीराखे, सगळे त्या पुस्तकात आहेत. क्लब म्हणजे अकरा माणसं नव्हेत, हे त्यात पानोपानी दिसतं.

सर मागची परिशिष्टं उघडून दाखवतात. तिथं खेळाडूंची राहणी, घरदार, राजकारण याबद्दलची उत्तरं ओळीनं मांडलेली आहेत. आपल्याकडे खेळाडूला असं कुणी विचारत नाही. विचारलं जातं ते एवढंच, गोल किती मारले.

त्या हंगामात टॉटनहॅमनं युएफा कप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली. अंतिम लढत इंग्लंडच्याच वुल्व्ह्ज क्लबाशी, दोन सामन्यांची. पहिला २-१, दुसरा १-१. हे आकडे कुठंही सापडतात. त्या रात्रीपर्यंत पोचताना माणसं कशी झिजली, ते आकड्यांत सापडत नाही. व्हाइट हार्ट लेन हे त्यांचं जुनं मैदान २०१७ मध्ये पाडलं आणि तिथंच नवं स्टेडियम उभं राहिलं. जुन्या ड्रेसिंग रूमची वीटही आता जागेवर नाही. तिथला एक पूर्ण हंगाम मात्र बेळगावच्या या कपाटात आहे.

(संध्याकाळ. तीच खोली. सराव आटोपून आलेली पोरं, ओले केस, चहाचे कप.)

दुसरं पुस्तक सर मोठ्यानं वाचतात. वाक्य इंग्रजीत, लगेच अर्थ मराठीत. लेखक एमन डन्फी, डब्लिनचा, मिलवॉल क्लबाचा मिडफिल्डर. मिलवॉल हा लंडनच्या गोदी कामगारांचा क्लब. तिथं चमचमाट नाही. डन्फीनं १९७३-७४ च्या हंगामाची रोजनिशी ठेवली, आणि 'ओन्ली अ गेम?' या नावानं ती १९७६ मध्ये छापून आली. हंगामाच्या सुरुवातीला मन उमेदीनं भरलेलं. मग संघातली जागा जाते. मग हंगाम अर्ध्यात असतानाच क्लब सुटतो आणि तो चार्ल्टन या दुसऱ्या क्लबाला जातो.

आम्हाला विचाराल तर या कपाटातलं सगळ्यात मोलाचं पुस्तक हेच. पत्रकार कितीही आत गेला तरी त्याला शनिवारच्या सामन्यात उतरायचं नसतं. डन्फीला उतरायचं होतं, आणि नाव यादीत नव्हतं. ते दुखणं त्याच रात्री कागदावर आलंय; तीस वर्षांनी आठवणी लिहिताना ते तसं येत नाही.

सर पुस्तक मिटून विचारतात, "बाहेर बसल्यावर आपला संघ जिंकावा असं मनापासून वाटतं का रे?"

(पोरांचे चेहरे. निवेदन थांबतं.)

आता हे पान बघा. कोरं आहे. छापखान्याची चूक नाही. लेन शॅकलटन हा इंग्लंडच्या संडरलंड क्लबाचा फॉरवर्ड. त्याच्या १९५५ च्या आत्मचरित्रात एक प्रकरण आहे, क्लबाच्या संचालकांना फुटबॉल किती कळतो या विषयावर. शीर्षक छापलंय. खाली एकही शब्द नाही. हे पान बघून पोरं हसतात, कमिटीतले काकाही हसतात, आणि सर मात्र त्यांना सांगतात की हे पान छापायला त्या माणसाला केवढी हिंमत लागली असेल. क्लबात राहून क्लबाबद्दल लिहायचं म्हणजे उद्या त्याच माणसांच्या समोर उभं राहायचं.

कप्प्यात इटलीचंही एक पुस्तक आहे. अब्रुत्सोच्या डोंगरातलं कास्टेल दी सांग्रो, वस्ती जेमतेम पाच हजार. आपली येळ्ळूर-कडोलीसारखी गावंही याहून मोठी. हे गाव १९९६-९७ मध्ये सेरी बी म्हणजे देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लीगमध्ये खेळलं. जो मॅकगिनिस हा अमेरिकन लेखक हंगामभर तिथं जाऊन राहिला. गावकऱ्यांच्या पंगतीत बसला, खेळाडूंच्या सुखदुःखात राहिला. पुस्तक १९९९ चं. शेवट कडवट आहे: शेवटचा सामना आपल्याच पोरांनी ठरवून सोडला, असा आरोप त्यानं केला.

(कडोली. साहित्य संमेलनाची ग्रंथदिंडी.)

पालखी, टाळ, लेझीम, नऊवारीतल्या बायका, डोक्यावर ग्रंथ घेतलेल्या शाळकरी पोरी. कडोली, उचगाव, येळ्ळूर... सीमाभागातली ही गावं आपल्या बळावर मराठी साहित्य संमेलनं भरवतात. पावती फाडून वर्गणी गोळा होते, मांडव गावकरीच घालतात, पाहुण्यांचं जेवण घराघरात रांधलं जातं. पुस्तकं पालखीत बसवून मिरवणारी ही माणसं आहेत.

संमेलनातल्या पुस्तकांच्या स्टॉलवर कॅमेरा फिरतोय. इतिहास आहे, कादंबऱ्या आहेत, पाककृती आहेत, स्पर्धा परीक्षा आहेत. शेतातून आलेले गृहस्थ दोन पुस्तकं हातात धरून तोलताहेत. मागं उभ्या असलेल्या पोरानं फुटबॉलची जर्सी घातलीय. या सगळ्या टेबलांवर त्याच्या खेळाचं एकही मराठी पुस्तक नाही.

मराठीला आतून पाहून लिहिणं नवं नाही. वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत झाशीला जाऊन पोचले. राजे नव्हते, सरदार नव्हते, दक्षिणेच्या आशेनं निघालेले भिक्षुक होते. डोळ्यांसमोर झालं ते त्यांनी पुढे लिहून काढलं, म्हणून त्या वेढ्यातली झाशी आज मराठीत वाचता येते. मग क्लबात रोज घडतं ते लिहायला अडचण कसली?

(क्लबाची खोली. तळचा कप्पा. वह्या.)

आणि सामग्री तर इथंच पडलीय. सेक्रेटरी काकांनी वह्या काढल्या. लाल कापडी बांधणी, कोपरे कुरतडलेले. पान जवळून बघा. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. फक्की, एक पोतं. लिंबं. बर्फ. बॉल शिवणावळ. पंचांचा चहा. गाडीभाडं, मडगाव. त्याच्याच खाली बारीक अक्षरात: चोर्ला घाटात गाडी बंद, पोरांनी ढकलली. आणखी एक नोंद: सेंटर हाफ आला नाही, बहिणीचं लग्न. पुढच्या पानाला टाचणीनं लावलेलं कन्नड पत्र, त्यावर मराठीत शेरा, खाली इंग्रजीत सही. या शहराच्या भाषांवर किती सभा झाल्या, किती मोर्चे निघाले. या वहीत त्या एका पानावर नांदताहेत, कारण रविवारी मॅच होती आणि मैदान मिळवायचं होतं.

काका बोटानं ओळी दाखवत जातात. फक्की ओली झाली की रेषा उमटत नाही, म्हणून पोतं कुणाच्या घरी ठेवायचं हे ठरलेलं. जर्सी कुणाच्या आईनं धुतल्या, तिचं नाव वहीत आहे. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघायला क्लबानं पोरं नेली, त्याचा खर्च आहे, आणि येताना निपाणीला जेवले त्याचाही आहे. तिथली गर्दी बघून आलेल्या पोरांनी आठवडाभर दुसरं काही बोललं नाही, असं काका सांगतात. ते वहीत नाही. ते काकांच्या डोक्यात आहे.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात खोलीत पाणी शिरलं आणि खालच्या वह्या गेल्या. मोठे क्लब तर अख्खेच नाहीसे होतात: मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये.

(मैदानाची कड. बाकावर एक मुलगा, गुडघ्याला पट्टा, हातात वही.)

हा क्लबाचा मिडफिल्डर. कॉलेजात शिकतो. गुडघा दुखावल्यामुळे या हंगामात मैदानाबाहेर आहे. सरांनी डन्फी त्याच्याच हातात दिला होता. आता तो लिहितोय. दुरेघी वही, निळं पेन, पावसापासून वाचवायला प्लास्टिकची पिशवी. सरावाला कोण उशिरा आला, कोच कुणावर चिडले, कुणी कुणाला बूट उसने दिले. संध्याकाळी खोलीत बसून तो त्यातलं वाचून दाखवतो. एकजण म्हणतो, "मी असं बोललोच नव्हतो." लगेच तिघं म्हणतात, "बोललास की!" मग ते वाक्य राहतं.

कमिटीनं त्याला परवानगी दिली आहे. ड्रेसिंग रूममध्ये बसायचं, कमिटीच्या बैठकीतही बसायचं. घरच्या भानगडी लिहायच्या नाहीत, हे त्यालाही मान्य. एका गोष्टीवर अजून वाद आहे. बाहेरच्या स्पर्धेत दुसऱ्या संघाकडून खेळायला कुणाला किती मानधन मिळतं, ते लिहायचं का? काका म्हणतात, नको, पोरांच्यात तेढ येईल. मुलगा म्हणतो, त्याच पैशावर दोघांची कॉलेजची फी भरली, ते कसं गाळू? सर काही बोलत नाहीत. आमच्या मते ते आलं पाहिजे. खेळ आणि पोट यांची गाठ जिथं पडते तेच गाळलं, तर डन्फी वाचल्याचा उपयोग काय?

लिखाण मराठीत होईल. बोलणारा ज्या भाषेत बोलला, ते वाक्य त्या भाषेत, देवनागरीत. कन्नड वाक्यं तपासायला संघाचा लेफ्ट बॅक बसणार आहे. छपाईचा खर्च कुणी करायचा ते ठरलेलं नाही. संमेलनाच्या वर्गणीसारखी पावती फाडायची, असा एक विचार आहे.

पुरात गेलेल्या वह्यांच्या जागी दुसरं काही मिळतंय का, याचाही शोध चालू आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणाच्या माळ्यावर सामन्यांची जुनी पत्रकं असतील, संघाचे फोटो, लीगची ओळखपत्रं, गोव्याच्या किंवा कोल्हापूरच्या दौऱ्यातली पत्रं, तर आपल्या जवळच्या क्लबाला दाखवा. फोटो असेल तर मागच्या बाजूला नावं लिहा, डावीकडून उजवीकडे, आणि पाणी देणाऱ्या पोराचंही नाव लिहा.