आधी बोट मातीत

मंडळी, घरच्या बागेबद्दल सल्ला देणाऱ्या स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी शिकवायचं ते गप्प राहणं. ‘मिरची सुकतेय, काय फवारू?’ असं कुणी विचारलं की औषधाचं नाव ओठांवर येतं. ते गिळायचं. कुंडी केवढी, ऊन किती तास, पाणी कधी आणि किती, एवढं विचारायचं आणि बोट दोन पेरं मातीत घालायचं.

मान टाकलेलं झाड तहानलेलंच असतं असं नाही. माती ओली आणि पानं लोळलेली असतील तर बहुधा मुळांना हवा मिळत नाहीये, ती कुजतायत. तिथे आणखी तांब्याभर पाणी म्हणजे झाडाला मारणं. याचा सराव द्या. मिरचीची दोन रोपं घ्या. एकाचं पाणी तोडा, दुसऱ्याच्या कुंडीचं भोक बुजवून माती पाण्याने भरलेली ठेवा. दोन्ही लोळली की नुसती कुंडी उचलून, वजनावरून ओळखायला लावा.

तळाशी विटांचे तुकडे घातले की निचरा वाढतो, ही समजूत मात्र काढून टाका. बारीक मातीतलं पाणी ती पुरती भिजल्याशिवाय खालच्या मोठ्या फटींत उतरत नाही. ओला थर तेवढा वर, मुळांजवळ सरकतो. भोकावर एक खापर पुरे.

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला की तो पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेण असतं, साधं पाणी घरंगळून जातं. ५ मिली कडुनिंबाचं तेल आधी १-२ मिली पातळ साबणात घोटायचं, मग हळूहळू लिटरभर पाणी घालायचं. उलट क्रमाने केलं तर तेल वर तरंगतं आणि फवारताना पानं करपतात. आधी दोन-तीन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघायचं. फवारा संध्याकाळी, पानांच्या खालून. उरलेलं द्रावण ठेवायचं नाही. आणि मुंग्या? चिकट गोड स्रावासाठी त्या या किडीची राखण करतात. त्यांची वाट तोडली नाही तर कीड परत येते.

खताच्या डब्याला वास येतोय, ही तक्रार हमखास येणार. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला घालून ढवळायला सांगा. डब्यातलं मिश्रण मुठीत आवळल्यावर एखाद-दुसरा थेंबच यावा.

एका प्रश्नाला मात्र तिथल्या तिथे उत्तर द्यायचंच नाही: ‘गच्चीवर वाफा बांधू का?’ वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरलाय. ३० सेंटीमीटर ओल्या मातीचंच वजन तेवढ्या जागेत ५०० किलोच्या आसपास जातं. कोकोपीट आणि पालाखत मिसळून भार कमी होतो, पण स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्लॅब पाहिल्याशिवाय हो म्हणू नका.