काळ्या समुद्राकाठच्या माश्या

ही फळमाशी. जेमतेम तीन मिलिमीटरची. लाल डोळे, पिवळसर तपकिरी अंग. बाटलीतल्या या सगळ्या माश्या पाहा, एकीसारखी दुसरी.

नेमकं इथेच डार्विन यांचं घोडं अडलं होतं. निसर्गाने निवड करायची तर जीवांमध्ये वेगळेपण हवं. आईबापांचे गुण एकमेकांत मिसळून फिके पडत असतील, तर ते टिकणार कसं? ब्रनोच्या मठात मेंडेल यांनी वाटाण्यावर दाखवून दिलं होतं की गुण विरत नाहीत, नुसते झाकले जातात. जगाला ते १९०० साली उमगलं. तरी मेंडेलचे बरेच अनुयायी म्हणत राहिले, नवी जात एका उडीत घडते, निवडीला फारसं काम नाही.

हा रशियातल्या गेलेंजिकचा, काळ्या समुद्राचा किनारा. रशियन जीवशास्त्रज्ञ सर्गेई चेतवेरिकोव आणि त्यांच्या मॉस्कोतल्या तरुण सहकाऱ्यांनी इथल्या रानमाश्या तपासायला घेतल्या. माद्या २३९. प्रत्येकीची पिल्लावळ वेगळ्या बाटलीत. पहिल्या पिढीत काहीच दिसत नाही, सगळ्या माश्या नेहमीसारख्या. मग त्याच बाटलीतल्या भावाबहिणींचा संकर करायचा. साधारण दहा-बारा दिवसांत पुढची पिढी बाहेर येते. ती सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायची, कुंचल्याने एकेक माशी बाजूला सारत डोळे, पंख, अंगावरचे राठ केस बघत जायचं. दोन्ही आईबापांकडून तेच झाकलेलं जनुक आलं, की ते इथे उघडं पडतं. असे ३२ वेगवेगळे बदल हाती लागले. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या माश्यांत!

चेतवेरिकोव यांनी १९२६ च्या निबंधात लिहिलं होतं की प्रजाती स्पंजासारखी असते, असे बदल शोषून घेते आणि वरून तशीच दिसते. निवडीला लागणारा कच्चा माल हाच. डार्विन आणि मेंडेल यांच्यात भांडण उरलंच नाही.

इंग्लंडमध्ये फिशर आणि हॉल्डेन, अमेरिकेत राइट हेच गणिताने मांडत होते. त्यांची नावं पाठ्यपुस्तकांत आहेत. रानातल्या माश्यांत ते शोधणाऱ्या या माणसाचं नावही त्यांच्याच शेजारी हवं.

१९२९ मध्ये चेतवेरिकोव यांना अटक झाली, मग हद्दपारी, आणि गट पांगला. रशियातूनच अमेरिकेत गेलेल्या डॉबझान्स्की यांनी रानमाश्यांचं काम तिथे पुढे नेलं. १९३७ च्या त्यांच्या पुस्तकाने उत्क्रांती आणि आनुवंशिकी एकत्र आल्या. चेतवेरिकोव १९५९ मध्ये वारले. त्यांचा निबंध इंग्रजीत आला १९६१ मध्ये.